रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका, आणि त्याला नाटकीही म्हणू नका

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी हेच चालू असेल तर त्यांनाही कळेल. भाऊ पंचेचाळिशीचा, दहा-बारा वर्षं रोज पितोय. मागच्या आठवड्यात मुलाची शपथ घेऊन त्याने एकदम बंद केली, दुसऱ्या दिवशी सकाळपासून हात थरथरायला लागले, घाम, उलट्या, झोपेचा पत्ता नाही, आणि रात्री अंथरुणावर मुंग्या आहेत म्हणून चादर झटकत बसला. घरचे घाबरले, थोडी दारू पाजली आणि तासाभरात माणूस शांत झाला. आता घरात सगळे म्हणतायत की प्यायला मिळावी म्हणून नाटक केलं. आणि तुमचे प्रश्न असे की ही इच्छाशक्तीची कमी आहे का आजार आहे, घरी ठेवून बंद करता येईल का, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आलेत मग नुकसान नाही ना, बिअरवर आणला तर चालेल का, आणि ओळखीतल्या कुणीतरी दिलेली पावडर जेवणात मिसळून देऊ का. भाच्याच्या गांजाबद्दलही शेवटी विचारलंय.

पावडरीचं आधी सांगतो कारण ती कदाचित आज रात्रीच ताटात जाईल. देऊ नका. अशा पुडीत काय आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असलं तर गुपचूप देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. दारू शरीरात गेली की लिव्हर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी असतं, आणि मग लगेच दुसरं एन्झाइम त्याला निकामी करतं. डायसल्फिराम हे दुसरं एन्झाइम बंद पाडतं. मग दोन घोट जरी प्यायला तरी विष साठत जातं, तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी धाडकन पडतं, हृदयाची लय बिघडते. 1940 च्या दशकात डेन्मार्कमधले येन्स हाल्ड आणि एरिक जेकबसेन हे औषध जंतांसाठी तपासत होते, स्वतः घेऊन बघत होते आणि वर दारू घेतली की त्रास होतो हे त्यांच्या लक्षात आलं, तिथून हे दारूच्या उपचारात आलं. आजही आम्ही डॉक्टर देतो, पण माणसाला समोर बसवून, सगळं समजावून, त्याच्या संमतीने, हृदय-लिव्हर तपासून, आणि शेवटचा पेग होऊन निदान बारा तास उलटल्यावर. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला माहीतच नाही की आपल्या पोटात हे गेलंय तो नेहमीसारखा पिणार आणि त्याला काय होतंय हे कुणालाच कळणार नाही, अगदी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरलासुद्धा नाही.

आता ते नाटक. नाटक नव्हतं ताई, ते विड्रॉवल होतं, म्हणजे रोजची नशा एकदम बंद केल्यावर शरीरात उठणारा त्रास, आणि तुम्ही नशीबवान आहात की मुंग्यांवरच थांबलं.

आत काय घडतं ते सांगतो. मेंदूत काही रसायनं शांत करणारी असतात, त्यात गाबा मुख्य, आणि काही उत्तेजित करणारी, त्यात ग्लुटामेट मुख्य. दारू गाबाचं काम वाढवते आणि ग्लुटामेट दाबते, म्हणून प्यायल्यावर सैल वाटतं. पण रोजच्या रोज कुणीतरी बाहेरून दार आत ढकलत असेल तर आतला माणूस पूर्ण अंग टेकवून उलटा जोर लावून उभा राहतो, मेंदूही वर्षानुवर्षं तेच करतो, शांत करणारी यंत्रणा कमी करून उत्तेजित करणारी वाढवून ठेवतो, आणि मग एके दिवशी बाहेरचा ढकलणारा अचानक बाजूला होतो. आतला जोर तसाच असतो. थरथर, घाम, धडधड, वाढलेलं बीपी, भास, आकडी हे सगळं त्या जोराचं रूप आहे. थोडी दारू दिली की शांत होतो ते याच कारणाने. लबाडी म्हणून नव्हे, मेंदूला तेवढ्यापुरता तोल मिळतो म्हणून.

याला साधारण वेळापत्रक असतं आणि ते घरात प्रत्येकाला माहीत पाहिजे. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. आकडी येण्याचा धोका साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत. भास पहिल्या एक-दोन दिवसांत होऊ शकतात, आणि कधीकधी माणूस बाकी शुद्धीत असतो, तुम्हाला ओळखतो, फक्त मुंग्या किंवा आवाज त्याला खरे वाटतात. आणि मग 48 ते 96 तासांच्या दरम्यान येऊ शकतं ते डिलिरियम ट्रेमेन्स, आम्ही डीटी म्हणतो. माणसाला आपण कुठे आहोत, दिवस का रात्र कळत नाही, ताप येतो, पळून जायला बघतो, खिडकीला दार समजतो, अंगावर धावून येतो. उपचार मिळाले तर यातून बहुतेक सगळे वाचतात, मृत्यूचं प्रमाण शेकडा पाचाच्या खाली असतं, पण उपचार मिळाले नाहीत तर ते कितीतरी पट वाढतं. लोकांना वाटतं तिसऱ्या दिवशी आता सगळं निवळलं, खरा धोका तर तेव्हाच सुरू होत असतो.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अशी बंद कर, परत चालू कर, परत शपथ घे अशी जितक्या वेळा होते तितकी पुढची विड्रॉवल जास्त वाईट यायची शक्यता असते. मेंदू दर वेळी जास्त चिडका होत जातो. मागे कधी फक्त हात थरथरले होते, पुढच्या वेळी भास, त्याच्या पुढच्या वेळी आकडी. म्हणून दर सणावाराला शपथ घालायचं थांबवा, प्रत्येक शपथ म्हणजे एक विड्रॉवल आहे आणि तेही डॉक्टरशिवाय.

मग घरी बंद करता येईल का? तुमच्या भावाला नाही. भास होऊन गेलेत, वर्षानुवर्षं रोजची आहे, वय पंचेचाळीस, अशा माणसाला ॲडमिट करूनच बंद करायची. ज्याला आधी कधी आकडी आलीय, डीटी होऊन गेलाय, लिव्हर किंवा हृदयाचा आजार आहे, डोक्याला मार लागलाय, किंवा घरी चोवीस तास लक्ष द्यायला कुणी नाही, त्यालाही ॲडमिटच करायचं. ज्याची कमी आहे, लक्षणं सौम्य आहेत, त्याची डॉक्टर रोज बघत घरीही बंद करतात. आणि ॲडमिट होईपर्यंत मधले एक-दोन दिवस जे असतील त्यात तुमच्या हाताने एकदम बंद करू नका, हे ऐकायला विचित्र वाटेल पण खरंय. डॉक्टरशी बोला आणि ते सांगतील तसंच करा.

दवाखान्यात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारख्या गोळ्या चढ्या डोसने सुरू करून पाच-सात दिवसांत उतरवत आणतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम देतात. या गोळ्या दारूच्या जागी तोल सांभाळतात आणि मग हळूहळू काढून घेता येतात. याच गोळ्या मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने देऊ नका, वरून तो प्यायला तर श्वास मंदावून झोपेतच जाईल.

सोबत थायमिन, म्हणजे बी-वन, इंजेक्शनमधून. याच्यावर मी थोडा थांबणार आहे कारण हे साधं स्वस्त व्हिटॅमिन आहे आणि ते वेळेवर न मिळाल्याने माणसं कायमची अधू झालेली बघितलीत. पिणारा नीट जेवत नाही आणि दारू आतड्यातून थायमिन शोषूही देत नाही. ते फार कमी झालं की मेंदूचे काही भाग मरायला लागतात. गोंधळल्यासारखं वागणं, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, चालताना झोकांड्या जाणं. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी 1881 मध्ये हे नोंदवलं. घरच्यांना वाटतं उतरलेली नाही अजून. पण प्यायलेला नसताना झोकांड्या जात असतील तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. वेळ गेली तर पुढची पायरी कोर्साकॉफ नावाच्या स्मृतीच्या आजाराची, नवीन काहीच लक्षात राहत नाही, दहा मिनिटांपूर्वी जेवलेला माणूस जेवण विचारतो, आणि रिकाम्या जागा मनाने भरून सांगतो, त्याला ते खोटं वाटतही नाही. आणि ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायमिन आधी किंवा सोबत गेलंच पाहिजे, नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं. "अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावा" म्हणून कुठेही नेऊ नका, आणि नेलंच तर रोज पितो हे पहिल्या वाक्यात सांगा. लाज वाटून लपवलेली ही एक गोष्ट फार महागात पडते.

आता इच्छाशक्तीचा प्रश्न. ओपीडीत मी नव्या पेशंटला बरेचदा कागदावर सही करायला सांगतो. सकाळी न पिता आलेला असेल तर पेन टेकतं आणि रेघ भरकटते, बँकेत सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेली माणसं यात असतात, आणि तीच माणसं सांगतात की सकाळी एक घेतली की अक्षर सरळ येतं. आता या माणसाला इच्छाशक्तीने सही कर म्हणून बघा. सकाळचा पेग मजेसाठी नसतोच, तो माणसासारखं चालता-बोलता यावं म्हणून असतो. इच्छाशक्ती लागते, नाही असं नाही, पण ती उपचाराला जायला आणि टिकून राहायला लागते.

त्याच वेळी आजार आहे म्हणजे माणूस हतबल आहे असंही नाही, हे दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांसाठी. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे वीस टक्के तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी ते घरी परतल्यावर त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की त्यांच्यातल्या फार थोड्यांनाच पहिल्या वर्षात परत व्यसन लागलं. जागा बदलली, सोबतची माणसं बदलली, ती भीती आणि तो कंटाळा गेला, माल सहज मिळेना. म्हणून ॲडमिट करून दहा दिवसांनी त्याच मित्रांत, त्याच संध्याकाळच्या सात वाजता परत आणून सोडलं आणि मग परत प्यायला म्हणून कपाळाला हात लावला, यात चूक त्याच्या एकट्याची नसते.

रिपोर्टचं. लिव्हरच्या एसजीओटी, एसजीपीटी नॉर्मल आल्या म्हणजे लिव्हर नॉर्मल असं समजू नका. फॅटी लिव्हर असताना, अगदी सिरोसिस, म्हणजे लिव्हरभर व्रण पडून ते कडक होणं, झालेला असतानाही त्या नॉर्मल येऊ शकतात, कारण त्या पेशी आत्ता किती तुटतायत ते दाखवतात, लिव्हर किती उरलंय ते नाही. जीजीटी ही लिव्हरचीच आणखी एक रक्ततपासणी करून घ्या, सीबीसीमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, वाढलाय का आणि प्लेटलेट कमी आहेत का ते बघा, सोनोग्राफी करा, जमलं तर फायब्रोस्कॅन, त्यात लिव्हर किती कडक झालंय ते कळतं. चांगली बातमी ही की फॅटी लिव्हरची चरबी दारू पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांतच उतरायला लागते. सिरोसिसचा व्रण मात्र सहसा पूर्ण जात नाही, पण तिथेही बंद केल्याने आयुष्य वाढतं, आता काय उपयोग असं कधीच नसतं.

आणि नुसतं लिव्हरच धरून बसू नका, बाकीच्या अवयवांचं कुणी विचारतच नाही. बीपी वाढतं, हृदयाचा स्नायू ढिला पडतो, लय बिघडते, स्वादुपिंडाला सूज आली तर पोटात असं दुखतं की माणूस गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतो, तळपायांची आग आणि मुंग्या, कामेच्छा आणि ताठरता कमी होणं जे पुरुष कधीच स्वतःहून सांगत नाहीत. झोप लवकर लागते पण रात्रीच्या दुसऱ्या भागात मोडते, म्हणून "झोपेसाठी घेतो" म्हणणाऱ्याची झोपच दारूने घालवलेली असते. उदासी वाढते, आणि प्यायलेल्या अवस्थेत आत्महत्येचा धोका खूप वाढतो, त्यामुळे "मरून जातो एकदाचा" असं तो बोलला तर नशेतलं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. कॅन्सरचं तर 1988 पासून स्पष्ट आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तेव्हाच दारूला पहिल्या गटात टाकलं, तंबाखू त्याच गटात आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं, बायकांमध्ये स्तन. 2019 या एका वर्षात जगभरात दारूने सुमारे 26 लाख मृत्यू झाले असा याच संघटनेचा अंदाज आहे.

बिअरचा हिशोब सोपा आहे, एकदा करून दाखवतो. मिलीलीटर गुणिले टक्के, त्याला 0.79 ने गुणलं की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. 40 टक्क्यांच्या व्हिस्कीचे 180 मिली म्हणजे 57 ग्रॅम. 8 टक्के स्ट्रॉंग बिअरची 650 मिलीची बाटली म्हणजे 41 ग्रॅम, दोन बाटल्या म्हणजे 82. तर "हार्ड सोडली, आता फक्त दोन बिअर" म्हणणारा आधी 180 मिली घेत असेल तर आता आधीपेक्षा जास्त पितोय. लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम काढतं, लिंबूपाणी, कॉफी, थंड आंघोळ कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री बाराला 82 ग्रॅम पोटात असलेला माणूस सकाळी सातला गाडी चालवतो तेव्हा अजून उतरलेली नसते. आणि ज्याला विड्रॉवल येऊन गेलंय त्याला कमी करून पिणं हे फार क्वचित जमतं, महिना-दोन महिने जमल्यासारखं वाटतं आणि मग मूळ पदावर. त्याच्यासाठी पूर्ण बंद हाच रस्ता.

बंद झाल्यानंतरचं काम खरं लांब असतं. क्रेव्हिंग, म्हणजे प्यायची अनावर ओढ, कमी करायला नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत, दोन्ही चांगली आहेत, आणि दुर्दैवाने फार कमी लोकांना दिली जातात. पहिलं लिव्हर बघून, दुसरं किडनी बघून. सोबत समुपदेशन, आणि जमत असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारखा दारू सोडणाऱ्यांचाच गट. 1935 मध्ये दोन पिणाऱ्या माणसांनीच अमेरिकेतल्या ॲक्रन गावात तो सुरू केला, एक शेअर दलाल आणि एक सर्जन. सगळ्यांना तो मानवतो असं नाही, पण दोन-चार मीटिंगला बसल्याशिवाय ठरवू नका. वर्षभरात निम्म्याच्या आसपास लोक एकदा तरी घसरतात, बीपी आणि दम्याच्या पेशंटचंही औषधपाण्यात असंच होतं आणि तिथे आपण त्यांना नालायक म्हणत नाही, डोस बघतो. घसरला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, महिनाभर तोंड चुकवत पीत राहण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

बाकीच्या नशांचं थोडक्यात सांगतो कारण त्या एकसारख्या नसतात. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलामसारख्या, यांचं विड्रॉवल दारूसारखंच आकडीपर्यंत जातं, त्या एकदम बंद करायच्या नाहीत, आठवड्या-महिन्यांत उतरवायच्या. हेरॉइन किंवा वेदनाशामक ओपिऑइड (अफूच्या जातीची औषधं) बंद केलं तर माणूस हाडं मोडल्यासारखा तळमळतो, जुलाब, नाक गळणं, पण त्याने सहसा जीव जात नाही. जीव जातो तो परत घेतल्यावर. पंधरा दिवस बंद राहिलं की सहनशक्ती उतरलेली असते आणि तो जुनाच डोस घेतो, श्वास थांबतो. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात घातक. ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही औषधं दीर्घकाळ दिल्याने मृत्यू खूप कमी होतात, "एक नशा सोडून दुसरी लावली" हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ओठ निळे, घशातून घुरघुर, हलवून उठत नाही असा माणूस दिसला तर ती गाढ झोप नव्हे, तो ओव्हरडोस आहे, नॅलोक्सोनचं इंजेक्शन किंवा नाकातला स्प्रे तिथेच मिळाला तर श्वास परत येतो. कोकेन आणि दारू एकत्र घेतली तर शरीरात कोकाइथिलीन नावाचा तिसराच पदार्थ बनतो जो हृदयाला आणखी घातक. आणि व्हाइटनर, थिनर हुंगणाऱ्या पोरांचं हृदय पहिल्याच वेळीही बंद पडू शकतं.

भाच्याबद्दल. एकोणिसाव्या वर्षी मेंदू अजून घडतोय, आणि आजकालच्या गांजात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, पूर्वीपेक्षा बरंच जास्त असतं. रोज ओढणाऱ्या तरुण पोरांमध्ये सायकोसिसचा, म्हणजे भास-संशयाने वास्तवाशी संबंध तुटण्याचा, धोका वाढतो, घरात आधी कुणाला असा आजार असेल तर जास्तच. तो एकटा राहायला लागलाय का, लोक माझ्याबद्दल बोलतायत असं म्हणतो का, अभ्यास-मित्र सुटलेत का, एवढं बघा. असेल तर वाट बघू नका. नसेल तर बोला त्याच्याशी, ओरडून नाही. वडिलांची अवस्था रोज बघणारं पोर आहे ते, त्याचंही काही ऐकून घ्या.

आणि भावाशी बोलायचं ते सकाळी. रात्री नशेत असताना वाद, हिशोब, रडारड काही नको, त्यातलं त्याला सकाळी आठवतही नसतं. सकाळी थरथर सुरू व्हायच्या आत, एकट्याने, चार नातेवाईक गोळा न करता. "तू घर बुडवलंस" ने सुरुवात केली तर संपलं. "त्या रात्री तुला मुंग्या दिसत होत्या, मी घाबरले, तो आजाराचा भाग होता हे आता मला कळलंय, चल दाखवून येऊ" एवढंच. बहुतेक जण यावर निदान ऐकून घेतात, कारण ती रात्र त्यालाही आठवत असते आणि त्यालाही भीती वाटलेली असते. वहिनींना सांगा की त्याच्या ऑफिसला आजारी असल्याचे फोन करणं, त्याची उधारी फेडणं बंद करायचं, पण ज्या संध्याकाळी तो न पिता घरी येईल त्या संध्याकाळी सगळ्यांनी सोबत बसायचं. आणि मारहाण होत असेल तर आधी वहिनी आणि मुलं सुरक्षित जागी, बाकी सगळं नंतर.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: रोज किती मिली, कुठली, किती वर्षं, शेवटची कधी घेतली ती वेळ, आधी कधी आकडी किंवा भास झाले होते का, चालू असलेली सगळी औषधं, झोपेची गोळी घेतो का. ती पुडीही सोबत न्या आणि दाखवा. आणि या मधल्या दिवसांत आकडी आली, ताप आला, माणसं ओळखेनासा झाला, चालताना तोल गेला, रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी. आकडी आलीच तर तोंडात चमचा-चप्पल काही घालू नका, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या आणि किती मिनिटं चालली ते घड्याळात बघा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.